३२० पानांची रद्दी

उभा राहू नकोस, बस. आणि चेहरा इतक्यात पाडू नकोस, मी अजून सुरुवातही केलेली नाही. हा जो गठ्ठा तू मोठ्या अभिमानानं माझ्यापुढे ठेवलास, त्याला तू पुस्तक म्हणतोस. मी त्याला रद्दी म्हणतो. का म्हणतो, ते आज शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. मध्ये बोलायचं नाही, आणि तो मोबाइल खिशात ठेव.

उघड पहिला भाग. पानांचे आकडे मोठ्यानं वाच. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. पुढे? दोनशे एक्याऐंशी! चाळिसानंतर एक्केचाळीस येतात हे तुला पहिलीतच शिकवलं होतं, त्यासाठी गणिताच्या मास्तरची गरज नव्हती. याच्या चार प्रती काढल्यास, चौघांना वाटल्यास, आणि आज आठवडा उलटला तरी तुमच्यापैकी एकालाही पत्ता नाही की चाळिसाव्या पानावर अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे कुठे गेलं. याचा अर्थ काय होतो? एकानंही ते पान वाचलेलं नाही. छापणाऱ्यानंही नाही.

काय घडलं ते मी सांगतो. ३२० पानांची अख्खी फाइल तू घेतलीस आणि छपाईच्या खिडकीत ‘बुकलेट’वर टिचकी मारलीस. यंत्रानं आपलं काम चोख केलं. त्यानं धरलं की हे सगळं मिळून एकच पुस्तिका आहे, म्हणून पहिल्या कागदावर १ आणि ३२० शेजारी बसवले, पाठीमागे २ आणि ३१९. असे ८० कागद बाहेर आले. ते ८० कागद एकदम मधून दुमडायला गेलास, तेव्हा दुमडेनात. मग डोकं चालवलंस म्हणे! वीस-वीस कागदांचे चार गठ्ठे केलेस आणि प्रत्येकाला वेगळ्या पिना मारल्यास. त्यामुळे पहिल्या गठ्ठ्यात १ ते ४० आणि २८१ ते ३२०. दुसऱ्यात ४१ ते ८० आणि २४१ ते २८०. तिसऱ्याचं तूच सांग. ८१ ते १२० आणि २०१ ते २४०, बरोबर. चौथा तेवढा सलग लागतो, १२१ ते २००, पण तो मधला गठ्ठा म्हणून आपोआप लागला, तुझ्या हुशारीनं नव्हे.

दहावीला गणितात पैकीच्या पैकी मार्क आणलेस ना? पेढे घेऊन आला होतास. मग ही बेरीज तुला दिसली कशी नाही? सोळा पानांची पुस्तिका घे. चार कागद. पहिल्याच्या एका बाजूला १६ आणि १, पाठीमागे २ आणि १५. दुसऱ्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, मागे ६ आणि ११. चौथ्यावर १० आणि ७, मागे ८ आणि ९. कोणतीही जोडी घे, बेरीज सतराच. एकूण पानांत एक मिळवला की ती बेरीज येते. सम आकडा नेहमी डाव्या हाताला, विषम उजव्या. एवढंच शास्त्र आहे यात. छापखान्यात याला ‘फर्मा’ म्हणतात, आणि खिळे जुळवणारी माणसं, त्यातली कित्येक चौथीच्या पुढे शाळेत गेलेली नव्हती, ही पानं डोळे मिटून लावायची. तुझ्याकडे संगणक आहे, आणि तू चाळिसानंतर दोनशे एक्याऐंशी लावलेस.

मोठं पुस्तक असेल तर त्याचे फर्मे पाडायचे. छपाईच्या खिडकीत पानांची मर्यादा लिहायची जागा असते, तिथे आधी १ ते १६ लिही, बुकलेट म्हणून छाप. मग १७ ते ३२. त्या फर्म्यातल्या जोड्यांची बेरीज ४९ यायला हवी, ताडून बघ. ३२० पानांचे असे वीस फर्मे होतात. ते एकावर एक ठेवून दोऱ्यानं एकमेकांना शिवायचे, याला जुजबंदी म्हणतात. चार कागद एकात एक दुमडले तर आतला कागद फारसा बाहेर सरकत नाही. वीस दुमडले की आतली पानं दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतात. ती मग तू कात्रीनं कापलीस, हे बघ इथे, आणि कापताना पानांचे आकडेही कापून टाकलेस. म्हणजे चूक शोधायचा शेवटचा मार्गही बंद.

दुसऱ्या प्रतीत तर पाठीमागची सगळी छपाई डोक्यावर उभी आहे. कागद आडवा असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी छापताना तो आखूड कडेवर उलटायचा असतो. तू लांब कडेवर उलटवलास. माणूस अशा वेळी काय करतो? एक कागद छापतो, हातात घेतो, दुमडतो, बघतो. तू अख्खं बाड छापायला लावून जेवायला गेलास. पुढच्या प्रती ठीक आल्या, मग ही उलटी फेकून द्यायची होती. तीही कुणाच्या तरी गळ्यात मारलीस.

आता अक्षर. घे, वाच हा परिच्छेद. खिडकीजवळ जा हवं तर. नाही ना वाचता येत? सतराव्या वर्षाचे डोळे आहेत तुझे. हे अमेरिकन खेळाच्या नियमांचं पुस्तक आहे, त्यांचा कागद आपल्या ए-फोरसारखा नसतो. त्यांचं पान २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ उंच. ते तू ए-फोरच्या अर्ध्यात, म्हणजे १४८ बाय २१० मध्ये कोंबलंस. रुंदीचं गुणोत्तर काढ. शून्य पूर्णांक एकोणसत्तर. मूळ अक्षर ९ पॉइंटचं धरलं तर तुझ्या पानावर ते जेमतेम ६ पॉइंटचं उरतं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, त्यावरचं अक्षर. तो कागद कुणी वाचत नाही, आणि कुणी वाचू नये अशाच बेतानं तो छापलेला वाटतो.

ए-फोर निम्मा केला की त्याचा आकार तोच राहतो, कारण बाजूंचं प्रमाण एकास वर्गमूळ दोन आहे. हे फळ्यावर मी स्वतः कागद दुमडून दाखवलं होतं, तेव्हा तू शेवटच्या बाकावर फासे टाकत होतास. अमेरिकन पान निम्मं केलं की प्रमाण बदलतं, एकास एक पूर्णांक एकोणतीस होतं ते एकास दीडच्या वर जातं. दोन्ही प्रमाणं आपल्यापेक्षा वेगळी, म्हणून त्यांचं मोठं पान आपल्या छोट्या पानावर कधीच नीट बसत नाही, कडेला पट्टे सुटतात. पण त्यांच्याकडचे छोटे प्रकाशक अर्ध्या पानाच्या मापातच पुस्तिका काढतात, १४० बाय २१६. ती आपल्या ए-फाइव्हवर जवळपास जशीच्या तशी उतरते. अशी फाइल निवडायची, किंवा मोठ्या पानाचे पांढरे समास छाटून मग छापायची, किंवा सरळ ए-फोरवर मोठी छापायची. तीन मार्ग होते. तू चौथा काढलास, डोळे फोडायचा.

आणि तुम्ही खेळता कुठे? घाटावरच्या बंगल्यात? शेतातल्या खोलीत, एका बल्बखाली, आणि पंपाची थ्री-फेज रात्री आली की तो बल्बही मिचमिच करतो. तिथे चार पोरं हे ६ पॉइंटचं इंग्रजी वाचणार. पानाच्या मागे जुन्या चर्मपत्रासारखी तपकिरी छटा आहे, तीही तू तशीच छापलीस. काळ्या अक्षराखाली तपकिरी जमीन! ३२० पानं, चार प्रती, १२८० पानांवर शाई ओतली. वडिलांनी तो प्रिंटर केळीची पट्टी हातात आल्यावर घेतला, तुझ्या बहिणीच्या नर्सिंगच्या फॉर्मसाठी. आता ती फॉर्म छापायला बसते तेव्हा निळी शाई संपलेली असते. पुष्कळ प्रकाशक पार्श्वभूमी नसलेली, खास छापण्यासाठीची वेगळी फाइल देतात. नसेल तर छपाईत ‘काळा-पांढरा’ हा पर्याय कुणी लपवून ठेवलेला नाही.

पण हे सगळं मी माफ केलं असतं. हात चुकतो, यंत्र उलटं ओढतं, पुढच्या वेळी सुधारतं. जे माफ होणार नाही ते पुढे आहे.

ही फाइल कुठून आणलीस? वर बघ, टेबलाखाली नको. कुठल्या तरी ग्रुपवरून आली, हे तुझा मित्रच बोलून गेला. मी चौकशी केली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं हे ‘प्लेयर्स हँडबुक’, २०१४ चं, कंपनीनं पीडीएफ म्हणून कधी विकलंच नाही. छापील विकलं, त्यांच्या संकेतस्थळावर पैसे भरून वाचायला दिलं. म्हणजे तुझ्या हातात आलेली पीडीएफ चोरीचीच असणार, त्यात शंकेला जागा नाही. ‘सर, स्वतःपुरतं चालतं’ हे मला सांगू नकोस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी थोडी मोकळीक देणारं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा २०१६ चा निकालही मला ठाऊक आहे, तो तुझ्याच वयाची पोरं सगळीकडे फेकतात. तो शिकवण्यासाठी लागणाऱ्या उताऱ्यांबद्दल होता. मित्रांना अख्खं पुस्तक छापून द्यायचं आणि प्रत्येकी दीडशे रुपये ‘कागदाचे’ म्हणून घ्यायचे, हे त्यात कुठे बसतं ते दाखव. पैसे घेतलेस ना? घेतलेस. गप्प बसलास म्हणजे घेतलेस.

यात खरी चीड कशाची येते सांगू? चोरी करायची गरजच नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीनं, चाहत्यांनी परवान्याच्या बदलावरून रान उठवल्यावर, आपल्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. त्याला एसआरडी ५.१ म्हणतात. चारशेच्या आसपास पानं. श्रेय छापायचं, ही मुख्य अट. मग तो छापा, वाटा, त्यात बदल करा, मराठीत आणा, विकासुद्धा. त्यांचं बोधचिन्ह मात्र मुखपृष्ठावर चिकटवायचं नाही, ते वेगळं प्रकरण. आणि एखाद्या छोट्या प्रकाशकाची पीडीएफ तू विकत घेतलीस, तर तिच्या पहिल्या-दुसऱ्या पानावरच बहुधा लिहिलेलं असतं की स्वतःसाठी एक प्रत छापायला हरकत नाही. ती ओळ आधी वाचायची. वाचायची! हा शब्द आज मी वारंवार वापरणार आहे, कारण तुझा आणि त्याचा संबंध तुटलेला दिसतो.

मी खेळाच्या विरुद्ध आहे असा समज करून घेऊ नकोस. चार पोरं रात्री मोबाइल बाजूला ठेवून, फासे टाकत, एकमेकांना गोष्ट सांगत बसतात, यात वाईट काय आहे? खेळ आणि ग्रंथ आपल्याकडे कधी वेगळे नव्हते. तू ज्या गावात राहतोस त्याचं नाव एदलाबाद होतं, ते मुक्ताईच्या नावानं बदललं. कोथळीला तिचं मंदिर आहे, तिथे तू दर एकादशीला आजीबरोबर जातोस. मोक्षपट नावाचा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते, आणि त्यामागची कथा अशी की निवृत्ती आणि ज्ञानेश्वर भिक्षेला निघाले की घरी सोपान आणि मुक्ताई, दोन्ही लहान, एकटीच राहायची. त्यांचं मन रमावं म्हणून हा पट. कवड्या टाकायच्या, सापानं खाली यायचं, शिडीनं वर जायचं, आणि वाटेत ओव्या, कसं वागावं ते सांगणाऱ्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या वा. ल. मंजूळांनी असे जुने पट शोधून त्यांचा अभ्यास केला. कथा खरी किती, भाविकांची किती, तो वाद अभ्यासकांचा. पण त्या पटाकडे नीट बघ. सगळा खेळ एका कापडावर. ज्यांच्यासाठी केला ती दोन लेकरं समोर दिसत होती, त्यांना काय कळेल, काय आवडेल हे माहीत होतं.

तुझ्या या गठ्ठ्यात मला तुझे चार मित्र कुठेच दिसत नाहीत. एक जण रावेरच्या शाळेतून मराठी माध्यमातून आला. दुसऱ्याला इंग्रजी वाचता येतं पण लाजेनं तो मोठ्यानं वाचत नाही. तिसरा तर मला रस्त्यात भेटून म्हणाला, ‘सर, काय लिव्हलं त्यात काहीच समजू नाही ऱ्हायलं, मी नुसता फासा टाकतो.’ ऐकलंस? नुसता फासा टाकतो. त्याच्या हातात तू ३२० पानं ठेवलीस, दीडशे रुपये घेतलेस, आणि तो नुसता फासा टाकतो. कारण सगळे नियम तुझ्या एकट्याच्या डोक्यात आहेत, तू सांगशील तो नियम, तू म्हणशील तसा राक्षस मरतो. तुला ते बरंच सोयीचं पडतं, असा मला संशय आहे.

तुला ठाऊक आहे हा खेळ पहिल्यांदा कसा निघाला? १९७४ साल. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती, तो घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होता. दाभण कसं धरायचं ते त्याला नक्की येत असणार, तुझ्यापेक्षा बरं. प्रस्थापित कंपनीनं खेळ घेतला नाही, म्हणून दोस्तांनी पैसे जमवले, स्वतःच छापून घेतला. काय छापला? एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, अर्ध्या पानाच्या मापाच्या, मधोमध पिना मारलेल्या. तिन्ही मिळून सव्वाशे पानंही भरत नव्हती. हजार पेट्या, हातानं भरलेल्या, आणि त्या वर्षभराच्या आत संपल्या. लिखाण कच्चं होतं, नियम कुठे कुठे लागत नव्हते, हे त्यांचे चाहतेही मान्य करतात. पण पुस्तिका टेबलावर उघडी राहायची, खिशात मावायची, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची. तुझा गठ्ठा उघडा तरी राहतो का? पिना मधोमध नाहीत, कडेला ठोकल्यास, त्यामुळे दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो. फासा मग काय दातांनी टाकायचा?

तर यातलं छापायला काय हवं होतं? विचार कर, मी थांबतो.

काय लागतं रोज खेळताना? सहा गुण: ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, छाप. गुणाच्या आकड्यातून १० वजा करायचे, दोनानं भागायचं, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्यायचा, ही झाली भर किंवा घट. वीस बाजूंचा फासा टाकायचा, भर मिळवायची, आणि समोरच्या आकड्याशी ताडायचं. सोप्या कामाला १०, मध्यमाला १५, अवघडाला २०. परिस्थिती बाजूनं असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, विरुद्ध असेल तर लहान. लढाईत कुणाची पाळी आधी, एका पाळीत काय काय करता येतं, जखम झाल्यावर विश्रांतीनं किती भरून येते, मरणाच्या दारात पडल्यावर तीन यश आधी की तीन अपयश, हा हिशोब. दहा-बारा मंत्र, जे तुम्ही खरोखर वापरता. एवढ्यातच तुमच्या दहापैकी नऊ भांडणांचा निकाल लागतो. हे मराठीत, मोठ्या अक्षरात, ए-फाइव्हच्या सोळा पानांत आरामात बसतं. चार कागद! एका प्रतीला चार कागद. तू ८० घातलेस.

हे करायला छपाई यावी लागत नाही, निवड यावी लागते. आणि निवड करायची तर आधी पूर्ण वाचावं लागतं, कळलेलं आणि न कळलेलं वेगळं करावं लागतं. तिथेच तुझं घोडं पेंड खातं. म्हणून तू सगळंच छापलंस. काय टाकायचं हे ठरवता येत नव्हतं, तर ‘सगळं असलेलं बरं’ म्हणालास. हे मला नवीन नाही. परीक्षेतही तुम्ही लोक हेच करता, प्रश्न कळला नाही की धड्याचं अख्खं पान उतरवता.

अमळनेर इथून लांब नाही. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढायचे. रोज! छापखाना नाही, प्रिंटर नाही, शाईची बाटली आणि बोरू-टाक. पुढे १९२८ पासून ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. हातानं लिहायचं म्हटलं की माणूस आपोआप मोजकं लिहितो, आणि सकाळी कोणती पोरं समोर येऊन वाचणार आहेत ते त्याला ठाऊक असतं. तुझ्या बोटाला काही पडलं नाही, म्हणून तुला मोजावं लागलं नाही.

हेही दूरचं वाटत असेल तर आषाढीच्या आधी कोथळीहून पालखी निघते तेव्हा डोळे उघडे ठेवून बघ. सगळ्यात लांबचा पल्ला गाठणाऱ्या पालख्यांपैकी ही एक, महिनाभर चालत पंढरपूर. त्या माणसांच्या बंडीच्या खिशात हरिपाठाची पुस्तिका असते. एक हातात घेऊन तपास, माझ्यासाठी. मधोमध दोन पिना. अक्षर ठळक, कारण वाचणारा साठीतला, चष्मा कधी फुटलेला, कंदिलाच्या उजेडात. पानाला रंग नाही, वेलबुट्टी नाही. घामानं, पावसानं कोपरे झिजतात पण पान सुटत नाही. ती पुस्तिका रचणाऱ्याला माहीत आहे ती कुणाच्या हातात जाणार. तुला बघायचं होतं तर अमेरिकेची फाइल उलगडायची गरज नव्हती, आजीची पिशवी उघडायची.

एका कागदावर चार पानं बसतात, म्हणून पानांच्या संख्येला चारानं पूर्ण भाग जायला हवा, हे आता तरी डोक्यात शिरलं ना? मजकूर अठरा पानं झाला तर यंत्र दोन कोरी पानं शेवटी जोडतं, आणि तुझं मलपृष्ठ आत ढकललं जातं. कोरी पानं कुठे ठेवायची ते आपण ठरवायचं, मुखपृष्ठाच्या आत ठेव, टिपणं लिहायला होतील. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला, तर मुक्ताईनं त्यावरूनही माणूस ओळखला, आणि उत्तर गेलं ते पासष्ट ओव्यांचं. तुझ्या मधल्या गठ्ठ्यातलं कोरं पान वाचायला कुणी मुक्ताई यायची नाही. तिथे फक्त शाई अडकली होती.

बांधणीचं एकदाच सांगतो, लिहून घे. नुसती सोळा पानं असतील तर जुजबंदी नको. चार कागद एकात एक, वर मुखपृष्ठाचा जाड कागद, दोनशे-अडीचशे जीएसएमचा. जाड कागद सरळ दुमडायचा नाही, तो फाटल्यासारखा तडकतो. ए-फोरचे तंतू बहुतेक लांबीच्या दिशेनं असतात आणि आपली घडी त्यांना आडवी जाते, म्हणून. आधी मोजपट्टी धरून बिनशाईच्या बॉलपेननं रेघ दाबायची, मग घडी. घडीवर चमच्याची पाठ फिरवायची, नख नको. साधा स्टेपलर मधोमध पोचत नाही, म्हणून तू कडेला ठोकलंस, हे कळतंय मला. मग दोरा घे. घडीवर दाभणानं तीन भोकं, एक मधोमध, दोन वरखाली. दोऱ्यावर मेणबत्ती फिरव. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढ, वरच्यातून आत घे, आतून सरळ खालच्या भोकापर्यंत ने, तिथून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं त्या आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मार. दहा मिनिटांचं काम. तुझ्या आजोबांनी बैलाच्या म्होरक्या शिवल्या, तुला तीन भोकं जमतील.

चिकटवायच्या भानगडीत पडू नकोस. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, पाठीला नुसता गरम डिंक लावलेली पुस्तकं गाडीच्या टपावरच सुटी होतात. जुने बांधणीवाले मैद्याची खळ शिजवायचे, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे, आणि तरीही आधी शिवायचे.

आता काम. त्या चारही प्रती आण परत. पाठकोरे कागद जे निघतील ते बहिणीला गणितं करायला दे, बाकीचे रद्दीत. चोरीची फाइल मोबाइलमधून काढून टाक, माझ्यासमोर. तो मोकळा केलेला मजकूर उतरवून घे आणि वाच. पहिल्या पानापासून. जिथे कळणार नाही तिथे पेन्सिलनं खूण कर. मग सोळा पानांचा आराखडा हातानं कर, चार कोरे कागद दुमडून, प्रत्येकावर आकडा घालून, कोणत्या पानावर काय येईल ते चार शब्दांत. दुसऱ्या पानावर श्रेयाची ओळ, ती विसरलास तर पुढचं बघणारच नाही. मजकूर झाला की तो नुसता फासा टाकणाऱ्या पोराला वाचायला दे, शेजारी बसू नकोस, आणि तो कुठे अडतो ते बघ. अडेल तिथलं वाक्य पुन्हा लिही. त्याला कळलं की मग छापायचं, आणि तेही आधी एकच प्रत.

हे घेऊन रविवारी ये, चारनंतर, त्याआधी मी झोपतो. येण्याआधी त्या चौघांचे दीडशे-दीडशे रुपये परत कर. वडिलांकडे मागू नकोस, तुझ्या पॉकेटमनीतून दे. दिले की नाही हे मी त्यांनाच विचारणार आहे, तुला नाही.